हलकी की जड? केळीच्या बागेत लागला निकाल

मंडळी, आज एकदाची लेन्स ठरली!

मिररलेस कॅमेऱ्यासाठी लांबचं जवळ आणून टिपणारी टेलिफोटो झूम लेन्स घ्यायची होती. जळगावच्या ओळखीच्या दुकानदारानं दोन लेन्स दिवसभर वापरून बघायला दिल्या, एक जड आणि एक हलकी. सकाळीच असोद्याला शेतात गेलो.

जड लेन्स स्टँडवर बसवेपर्यंत वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला पाहिलं आणि आधार कार्डावरच्या फोटोसारखा चेहरा केला. हलकी मात्र हातात धरून मी केळीतून निवांत फिरत राहिलो. लांब बांधावर आबा शेजारच्या नानांशी बोलताना खदाखदा हसले आणि मी बटण दाबलं.

फोटो पाहून आबा म्हणाले, "हा मीच हाये का रे? किती हासून रायलो!"

कमी उजेडात हलकी लेन्स जरा मागे पडते, तरी तीच घेतली. हौसेनं घेतलेली जड लेन्स कपाटातच पडून राहिली, असं इथे कोणाचं झालंय का?