तोंडाला न लागलेली हळद

सत्तरच्या दशकातला मे महिना, नागपुरातलं इतवारीतलं आमचं घर... आणि सकाळी सकाळी दारात उष्टी हळद येऊन उभी. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, म्हणून ती घेऊन वरपक्षाच्या बायका पारशिवनीहून आल्या होत्या. घरात नुसता आनंदीआनंद, आणि मला मात्र दरदरून घाम फुटलेला.

कारण माझं तोंड. विसाव्या वर्षापासून माझे गाल आणि नाक असे लाल व्हायचे की बघणाऱ्याला वाटावं, हिला आत्ताच कोणी दोन ठेवून दिल्या. गरम चहा प्यायले की लाल, झणझणीत रस्सा खाल्ला की लाल, उन्हातून आले तर विचारूच नका... आज त्याला रोझेशिया म्हणतात हे माझ्या नातीलाही माहीत आहे. तेव्हा आमच्या गल्लीत त्याची दोनच नावं होती, ऊन नाहीतर पित्त.

उपाय मात्र शंभर. मुलतानी माती झाली, कोरफड झाली. मावशीने एकदा बेसन, हळद आणि लिंबू असं काही चोळलं की आठवडाभर मी खिडकीत उभी राहिले नाही. मग औषधाच्या दुकानातून कोणीतरी एक ट्यूब आणून दिली... पहिले काही दिवस मी अगदी गोरीगोमटी, आणि नंतर दुप्पट लाल.

शेवटी बाबांनी रामदासपेठेत स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ट्यूब बंद केली, कॅप्सूल दिल्या आणि बजावलं की ऊन, तिखट, वाफ टाळायची आणि चेहऱ्याला काहीही चोळायचं नाही. हळद तर नाहीच नाही. चार महिन्यांनी माझं तोंड जरा माणसात आलं.

त्याच थंडीत पारशिवनीचं स्थळ आलं. बघायला आले तेव्हा आईने मला चहाच दिला नाही, आणि या दुखण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी म्हटलं सांगून टाकू, तर म्हणाली, लग्न होऊ दे मग बघू. मला तिचा राग नाही येत... आधीची तीन स्थळं माझ्या गालांवरून परत गेली होती.

तर ती हळद घेऊन आल्या होत्या आत्याबाई, म्हणजे नवरदेवाची आत्या. त्याची आई लहानपणीच गेलेली, याच बाईने त्याला वाढवलं, त्यामुळे त्या घरात शेवटचा शब्द तिचा. शेतात राबलेले मोठे हात, खणखणीत आवाज. मला तर बघताक्षणीच धाक बसला.

पाटावर बसवलं, पायांना हळद लावली, हातांना लावली. मग तो हात गालाकडे आला आणि मी झटकन तोंड मागे घेतलं. नवरदेवाची हळद नाकारणं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण लावून घेतली असती तर दुसऱ्या दिवशी मांडवात टोमॅटोसारखं तोंड घेऊन उभी राहिले असते, आणि लपवलेलं सगळं तिथेच उघडं पडलं असतं.

"काहून वं, तोंड काहून मांगं घेतलं?"

आई पुढे झाली, काहीतरी सारवासारव करायला. पण माझ्याच्याने राहवलं नाही. मी आत्याबाईंच्या कानाशी लागले आणि सगळं सांगून टाकलं... डॉक्टर, कॅप्सूल, परत गेलेली स्थळं, सगळं. सांगताना रडले, आणि रडले म्हणून गाल लाल व्हायला लागले. आता पुराव्याची गरजच नव्हती.

त्यांनी हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. मला वाटलं, संपलं. आता वाटी उचलतील आणि चालू पडतील.

त्या वळल्या आणि जमलेल्या बायकांना ठणकावून म्हणाल्या, "आमच्याकडं नवरीच्या तोंडाले हळद लावतच नाही. पायालेच लावतेत. आमची पद्धतच आहे तशी."

शेजारी माझी थोरली नणंद बसली होती. दोनच वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नात ती नखशिखांत पिवळी झाली होती. तिने बोलायला तोंड उघडलं, तर आत्याबाईंनी उरलेली हळद तिच्याच गालांना फासली. सगळ्या हसायला लागल्या आणि विषय तिथेच मिटला.

जाताना आईला मात्र त्यांनी बाजूला घेऊन सुनावलंच. "लपवाले नव्हतं पाहिजे, विहीणबाई. पोरगी खरी आहे म्हणून वाचल्या तुम्ही."

पुढे पारशिवनीला दर उन्हाळ्यात चुलीसमोर त्या बसायच्या, मला बसू द्यायच्या नाहीत. रश्श्यात तिखट पडायच्या आधी माझा वाटीभर बाजूला निघायचा. उपकार केल्याचा आव नाही, काही नाही. वर ओरडायच्या, उन्हात फिरून राहिली, पदर घे डोक्यावर! अशी माया मला माहेरीसुद्धा कमीच मिळाली, हे खरं सांगते.

आत्याबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्या दिरांच्या नातवाचं लग्न झालं. नवरीकडच्या बायका हळद घेऊन तिच्या गालाकडे वळल्या, तर आमच्या घरच्या चार-पाच सुना एका सुरात म्हणाल्या, आमच्याकडे फक्त पायाला लावतात, पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे... इतक्या वर्षांत घरात आलेल्या एकाही नवरीच्या तोंडाला हळद लागली नाही, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

मी कोपऱ्यात बसून डोळे पुसत होते. सुनांना वाटलं म्हातारीला लग्नाचं भरून आलं. आत्याबाई, माझ्यासाठी मारलेली तुमची ती थाप अजून पचतेय हो... आणि मी जिवंत असेपर्यंत ती कोणाला कळू द्यायची नाही, असं ठरवून बसले होते. पण वाचकहो, आज तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.