बेंबळीच्या चाची आणि कार्डावरचा 'नॉर्मल'

"हात ढिला सोड."

चाची पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा मी नमस्कारासाठी हात जोडणार, तेवढ्यात त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला आणि हे वाक्य म्हटलं. मग स्वतःच खुर्ची ओढून बसल्या.

"दोन-चारचं माप हाय तुझं. पर हात लई कडक ठिवती. वकिली नवी हाय व्हय?"

वकिली नवीच होती. दारावरची पाटी लावून महिनाही झाला नव्हता.

धाराशिव तालुक्यात राहत असाल तर तुम्ही चाचींना कुठं ना कुठं पाहिलेलं असणार. बेंबळीच्या मणियारांच्या घरातल्या. बाजाराच्या दिवशी एसटीत खिडकीजवळच्या सीटवर बांगड्यांची पेटी ठेवायच्या आणि स्वतः शेजारी उभ्या राहायच्या. कंडक्टर ओरडला की सांगायच्या, "मला धक्का लागला तर मी फुटत न्हाय." त्यांचं नाव मला कागदपत्रं करताना कळलं, पण ते वापरावं असं कधी वाटलं नाही. त्या सगळ्यांच्याच चाची होत्या.

त्या दिवशी मात्र त्या बांगड्या भरायला आल्या नव्हत्या. त्यांची मुलगी कळंबला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. चाचींनीच तिला एका खासगी दवाखान्यात नेलं. कळा बराच वेळ चालल्या, बाळ खाली सरकेना, तेव्हा डॉक्टरांनी डोक्याला कप लावून ओढून घेतलं. मुलगी झाली. डोक्यावर वाटीएवढी सूज होती. "उतरेल," असं सांगितलं आणि ती उतरलीही.

बाराव्या दिवशी चाचींनी नातीच्या हातांत काळ्या मण्यांच्या मनगट्या घातल्या.

"उजव्या हातात घालताना पोरीनं हात ओढून घेतला. समदी लेकरं घेत्यात. डावा ओढलाच न्हाय. बोटं हलत व्हती, पर हात निसता पडून. इतका ढिला हात म्या जन्मात बघितला न्हाय, वकीलबाई."

एवढं सांगून त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, "त्या दवाखान्यात म्याच नेलं व्हतं."

दवाखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं, होईल आपोआप बरं. चार महिने वाट पाहून त्या नातीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाहेर येताना खांदा अडकला असणार, मानेपासून हाताला जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्यात, आणि व्यायाम पहिल्या महिन्यापासूनच सुरू व्हायला हवा होता.

मी पुस्तकात वाचलेलं सगळं एका दमात त्यांना ऐकवलं. आपल्याकडे तीन रस्ते आहेत, मी म्हणाले. पहिला पोलिसांचा.

"त्यानं काय हुतं?"

"गुन्हा सिद्ध झाला तर डॉक्टरांना शिक्षा."

"त्यो आत जाऊन पोरीचा हात वर यील का?"

"नाही."

"दुसरं सांग."

"मेडिकल कौन्सिलकडे तक्रार."

"तिथं कोण बसतं?"

"डॉक्टरच."

"तिसरं सांग."

तिसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि त्यासाठी आधी दवाखान्यातले बाळंतपणाचे सगळे कागद हवेत. चाचींना हे पटलं. "ग्राहक म्हंजी गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाचं मला समजतं."

मी कागदांसाठी रीतसर अर्ज लिहून दिला. बहात्तर तासांत कागद देणं बंधनकारक आहे, हेही त्यात लिहिलं. चाचींनी तीन खेपा केल्या. पहिल्या खेपेला साहेब बाहेरगावी होते, दुसऱ्या खेपेला कपाटाची किल्ली सापडत नव्हती, तिसऱ्या खेपेला संगणक बंद होता. मी नोटीस पाठवायच्या तयारीला लागले.

चौथ्या खेपेला त्या सकाळीच पेटी घेऊन गेल्या. गर्दीचा दिवस होता. बाकांवर गरोदर बायका, त्यांच्या सासवा, आया, नणंदा. चाचींनी मधोमध फरशीवर बैठक मारली आणि पेटी उघडली. पुढचं मला नंतर तिथल्या नर्सनं सांगितलं. काउंटरवरची मुलगी नंबर पुकारत होती आणि कुणी उठत नव्हतं, कारण ज्या बाईचा नंबर लागायचा तिचा हात अर्धा बांगडीत असायचा. आत डॉक्टर रिकामे, बाहेर पन्नास बायका. नर्सही एक डझन हिरव्या भरून घेत होती, त्यामुळे तिलाही उठता येईना. बारा वाजायच्या आत मॅनेजर झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन स्वतः बाहेर आला.

"लई भला माणूस," चाची मला म्हणाल्या. "पेटी उचलू लागला, पार रिक्षापतूर आला. म्हणला, चाची, पुन्हा यायची तसदी घेऊ नका."

त्या गठ्ठ्यात सगळं होतं. कुणा नर्सच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की व्हॅक्यूम लावला, कप दोनदा निसटला, खांदा अडकला. आणि घरी सोडताना दिलेल्या कार्डावर मात्र छापील अक्षरांत एकच शब्द होता, नॉर्मल.

मी तो वाचून दाखवला. चाचींनी कार्ड हातात घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या बराच वेळ त्याच ओळीकडं बघत होत्या. "हे खोडून द्यायला सांग त्यास्नी," म्हणाल्या. मी समजावलं की तक्रारीत नुकसानभरपाई मागतात, उपचारांचा खर्च मागतात, शब्द खोडायची मागणी कुणी करत नाही. "मग आपुन करू," त्या म्हणाल्या. शेवटी मी ती सगळ्यात खाली टाइप केली, लहान अक्षरांत, कुणी हसू नये म्हणून.

आयोगात आमच्या तारखा पडत गेल्या. चाची एकही चुकवायच्या नाहीत. समोरच्या वकीलसाहेबांना त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुमच्या मालकिणीला म्याच चुडा भरला व्हता. लई रडली व्हती त्या दिशी. आता बरी हाय न्हवं?" साहेबांनी त्या दिवशी पुढची तारीख मागितली.

एकदा ते चिडून अध्यक्षांना म्हणाले, "सर, बांगड्या विकणाऱ्या बाईला नसांचं काय कळणार? हिच्या सांगण्यावर ही सगळी तक्रार उभी आहे."

अध्यक्ष काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "साहेब, तुमचं उजवं मनगट कवा तरी मोडलं व्हतं का? पेन धरताना वाकडं पडतंय."

मी डोळे मिटून घेतले. आता दंड होणार, असं वाटलं. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं, मनगटाकडं बघितलं. "शाळेत असताना. झाडावरून पडलो होतो," ते म्हणाले. मग जरा कडक आवाजात, "विचारल्याशिवाय बोलायचं नाही." त्यानंतर दर तारखेला ते उजवा हात टेबलाखाली ठेवायचे.

आयोगानं सरकारी डॉक्टरांच्या समितीचं मत मागवलं. ते आलं त्या दिवशी माझा चेहरा उतरला. समितीनं लिहिलं होतं की बाळ अडकलेलं असताना कप लावण्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. चांगल्या हातांतही खांदा अडकू शकतो, नस ताणली जाऊ शकते. मात्र इजेची नोंद कार्डावर केली नाही, घरच्यांना सांगितलं नाही आणि व्यायामासाठी पाठवलं नाही, हे योग्य नव्हतं.

मी हे चाचींना कसं सांगावं याची जुळवाजुळव करत बस स्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. सांगितलं. बेंबळीची गाडी लागली तेव्हा चाची पेटी माझ्या हातात देऊन आधी चढल्या आणि मग खाली वाकून म्हणाल्या, "खरंच असंल ते. तीस-चाळीस वर्सं झाली, माझ्या हातनं बी बांगडी फुटती. कुणाच्या मनगटात काच घुसती. पर म्या सांगती, बाई, फुटली म्हणून. रगत पुसती. फुटलीच न्हाय असं म्हणून पैशे घेऊन उठत न्हाय."

युक्तिवादाच्या दिवशी मी कायद्याची दोन पुस्तकं घेऊन गेले होते. बोलले मात्र हेच, जरा शुद्ध भाषेत.

निकाल लागला तेव्हा नात चार वर्षांची होती. ओढण्यात निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही. लपवण्यात आणि उपचाराला न पाठवण्यात सेवेतली त्रुटी सिद्ध झाली. व्यायामाचा आणि पुढं ऑपरेशन लागलं तर त्याचा खर्च दवाखान्यानं द्यायचा होता. आणि शेवटच्या पानावर, तक्रारदारास खऱ्या नोंदीचं नवीन कार्ड द्यावं. तो परिच्छेद मी तीनदा वाचला. दवाखान्यानं अपील केलं नाही. कार्ड आलं, चाचींनी ते मला दोनदा वाचायला लावलं, घडी करून चोळीत ठेवलं आणि म्हणाल्या, "आता पोरगी मोठी झाल्यावर तिला खोटं सांगायला नको."

त्यानंतरच्या थंडीत चाची गेल्या. मला चार दिवसांनी कळलं, मुलीचा कळंबहून फोन आला तेव्हा. बाजारात आता त्यांच्या जागेवर प्लास्टिकच्या डब्यांचं दुकान लागतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते कळंबच्या स्टँडवर. मी कोर्टाच्या कामानं गेले होते. गर्दीत लहान मुलीचं भोकाड ऐकू आलं म्हणून वळून पाहिलं. चाची नातीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. नातीला बर्फाचा गोळा हवा होता, चाची खोकल्याचं कारण सांगून नाही म्हणत होत्या. पोरगी लालबुंद झाली, तिनं डावा हात उचलला, कोपरातून थोडा वाकडा, आणि चाचींच्या गालावर फाडकन एक ठेवून दिली.

आजूबाजूची माणसं बघायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "काय वळण हाय का न्हाय पोरीला."

चाचींनी गाल चोळला नाही. मला पाहून त्या गर्दीतून जवळजवळ धावतच आल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

"बघितलं का, वकीलबाई? डाव्यानं मारली."

मग दुसरा गाल नातीपुढं करून म्हणाल्या, "आता हितं मार. अजून जरा वरनं."