दोन हजार फेऱ्यांचं द्राक्षासव

माझ्या साडूचं द्राक्षासव सात वर्षांचं होतं आणि माझं सात महिन्यांचं, एवढ्या एका कारणावरून मी मुंबईहून यंत्र मागवलं.

आमचे सासरे, म्हणजे मामंजी, हिर्डोशीचे वैद्य. पोटाच्या दुखण्यावर त्यांचं औषध घ्यायला कोकणातली माणसं घाट चढून यायची. मामंजींना मुलगा नाही. जावई दोन, आणि दोघेही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. थोरले गणपतराव पालीला, धाकटा मी भोरला. हात थरथरायला लागले तेव्हा मामंजींनी सांगून टाकलं, "दसऱ्याला दोघं आपापलं द्राक्षासव आना. ज्याचं सरस, त्याला माजी औषधाची पेटी." म्हणजे हिर्डोशीची गादीच त्याची!

मनुका, गूळ, धायटीची फुलं आम्ही दोघं सारखीच घालायचो. बरणी भाताच्या कणगीत पुरायचो, तीही सारखीच. फरक एवढाच की गणपतराव पुरलेली बरणी विसरून जायचे आणि मला रोज झाकण काढून चव घेतल्याशिवाय चैन पडत नसे. (सात महिन्यांत बरणी निम्मी झाली होती.) मी त्यांच्यावर मनापासून जळायचो. त्यांचं टक्कलसुद्धा वैद्याला शोभेसं होतं. माझे केस दाट होते, त्याचाही मला राग यायचा.

अशात वर्तमानपत्रात जाहिरात आली. विलायतेत मद्य जुनं करायचं यंत्र, शंभर फेऱ्यांत एक वर्ष! आसव काय, मद्य काय, दोन्ही मुरतातच. यंत्र आलं. लाकडी पेटी, बाजूला फिरवायचा दांडा, आणि रबरी वायरींच्या टोकाला तांब्याच्या दोन कांड्या. कांड्या बरणीत सोडायच्या आणि दांडा फिरवायचा.

सातशे फेऱ्यांत गणपतरावांशी बरोबरी झाली. पण नुसत्या बरोबरीनं माझी जळजळ थांबेना. मी फिरवतच राहिलो. हाताला फोड आले, बरणीतून फेस वर आला, घरभर जळक्या रबराचा वास सुटला. माझी बायको सरू दारात बसून फेऱ्या मोजत होती.

"किती झाल्या?" मी विचारलं.

"सोळाशे. म्हंजी सोळा वर्सं. आपल्या लग्नाच्या मागं पोचला तुमी."

"मग?"

"मग तितंच ऱ्हावा. माजं मी बघते."

मी दोन हजारांवर थांबलो. फेऱ्या झाल्यावर बरणी उघडू नये, असं यंत्राच्या पत्रकात लिहिलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी झाकणाला हात लावला नाही.

दसऱ्याला मामंजींनी दोन्ही आसवं आतल्या खोलीतून सारख्याच वाट्यांत ओतून आणली. "कुटलं कुनाचं ते मला एकट्याला ठावं. चाखा."

पहिली वाटी तोंडाला लावली आणि माझा जबडा वाकडा झाला. गणपतरावांनीही तीच चाखली. "जरा उग्र हाय," ते हळूच म्हणाले, "पर आसंल काई कारन."

सांभाळून घेतायत! म्हणजे हे त्यांचंच. माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं.

"राग मानू नगा," मी म्हणालो, "पर ह्याला आसव म्हनत न्हाईत. तांबं उतरलंय ह्यात. वर जळका वास. मुरू दिलंच न्हाई, नुस्तं घुसळलंय. करनाऱ्याला धीर न्हाई. दुसऱ्यावर जळनाऱ्याच्या हातचं आसव हे आसंच आंबतं!"

सरू मागून माझा सदरा ओढत होती. मला वाटलं, तिला बहिणीच्या नवऱ्याची दया येतेय. मी आणखी थोडा बोललो.

मामंजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आसं बिनचूक निदान मला बी जमलं नसतं," ते म्हणाले. "पयली वाटी तुमचीच, जावईबापू."

औषधाची पेटी गणपतरावांकडे गेली. मला रिकाम्या हातानं पाठवायचं मामंजींच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी मलाही काम नेमून दिलं. गणपतरावांचं आसव रोग्याला देण्याआधी मी चाखायचं आणि खोट काढायची. तेव्हापासून दर वर्षी मी पालीला जातो आणि मन लावून चाखतो. खोट अजून सापडलेली नाही, पण तिसऱ्या वाटीआधी मी हार मानत नाही.