जिभेखालची गोळी

"टेबलाला हात लावू नको," डॉक्टर म्हणाला.

मी हात काढून घेतला. केळीच्या चिकाचे काळे डाग होते हाताला. वाळलेले. ते कशालाच लागत नाहीत. केळी पॅकिंगच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताला असतात. साबणाने निघत नाहीत, रॉकेलने निघत नाहीत. तरी मी हात पदराखाली लपवला. चोरी केल्यासारखा.

शेजारी आबा उभे होते. आबा म्हणजे माझा नवरा. नातू झाल्यापासून घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणते. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बागायतदार आला की त्यात बसतो. आमच्या बुद्धवाड्यातलं माणूस उभ्याने दुखणं सांगतं. असा नियम कुठे लावलेला नाही. पण आम्हाला तो पाठ आहे आणि डॉक्टरलाही.

आबा केळीच्या कटाईवर होते. डोक्यावर घड वाहायचे. मग छातीचं दुखणं लागलं आणि काम सुटलं. याच डॉक्टरने त्यांना गोळी लिहून दिली होती. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची. घरात मिठाच्या बरणीशेजारी तिची पट्टी असते. मुलाला ठाऊक, सुनेला ठाऊक, आल्यागेल्या पाहुण्यालाही ठाऊक. आबांनी छातीवर हात नेला की जो जवळ असेल त्याने ती गोळी द्यायची, ही आमच्या घरची रीतच झाली होती.

त्या दुखण्यानंतर आबांचं अंग साथ देईना. ते ओट्यावर झोपायला लागले. मला ते नको होतं. हे सांगताना आजही माझी कानशिलं तापतात. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला नवरा जवळ हवा असतो, हे आपल्याकडे कुणी बोलत नाही. मी तरी कुठे बोलत होते. पण त्याची गोळी मिळते असं आबांनी कटाईवरच्या माणसांकडून ऐकलं होतं. रावेरच्या त्या दवाखान्यात जाताना रिक्षात ते खाली बघत म्हणाले, "तूच इचार. मले नाही जमनार."

म्हणून मी विचारलं. "डॉक्टरसाहेब, यांना आता जवळ यायला जमत नाही. त्याची गोळी असते म्हणतात. यांना चालेल का?"

डॉक्टरने मान वर केली. बाजूला औषध कंपनीचा एक माणूस बॅग घेऊन बसला होता. नर्स उभी होती.

"काय गं, नातवंडं खेळवायची सोडून हे सुचतं तुला?" डॉक्टर म्हणाला. मग त्या माणसाकडे वळला. "यांच्या वस्तीत दुसरा उद्योगच नाही."

तो माणूस हसला. नर्सने तोंडावर हात धरला. आणि मी, मीही हसले. का हसले? सवय. मोठा माणूस हसला की आपण हसायचं, म्हणजे तो पुढे काही बोलत नाही. माझी आई असंच हसायची. ते हसू मला आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

आबा केव्हा बाहेर गेले मला कळलंच नाही. चालेल का, चालणार नाही का, याचं उत्तर डॉक्टरने दिलंच नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. परतीच्या रिक्षात आबा एवढंच बोलले, "कशाले तोंड उघडलं तू?"

तोंड उघड म्हणणारे तेच होते. तरी मी गुन्हा माझाच मानला. बाईला ते सोपं जातं.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. केळी भरायला बाहेरून ट्रक येतात. ड्रायव्हरांकडे सगळं मिळतं. एका ड्रायव्हरने आबांच्या हातात अर्धी पट्टी ठेवली. ताकदीची गोळी म्हणून. किती ताकदीची, कुणाला चालते, कुणाला नाही, हे ना त्याने सांगितलं, ना आबांनी विचारलं. विचारल्यावर काय होतं ते आबा बघून आले होते.

मुक्ताईनगरला आमच्या नात्यात लग्न होतं. मुलगा, सून, नातू आणि आबांची मोठी बहीण अक्का, सगळे सकाळीच गेले. आबा म्हणाले, "माझी तब्येत बरी नाही, मी घरी थांबतो." मग मीही थांबले. दुपारी त्यांना भाकरी वाढली. जेवण झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाठ करून काहीतरी तोंडात टाकलं आणि पाणी प्यायले. मी पाहिलं. मला अंदाज आला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी धुतलेलं लुगडं नेसले, केस विंचरले. काय घेतलंत, असं विचारलं नाही. एकदा विचारून पस्तावले होते.

आणि थोड्याच वेळात दारात जीप थांबली. लग्नात काही बिनसलं म्हणून सगळे लवकर परतले होते. आबा घाईने उठले, बाहेर येऊन बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. हात छातीवर गेला.

अक्का ओरडल्या, "अय बाई, जिभेखालची गोयी दे ना त्याले! पाहत काय राह्यली?"

मी पट्टी आणली. गोळी काढली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काहीतरी होतं, थांब असं म्हणणारं. त्यांनाही नीट माहीत नव्हतं, पण भीती वाटत होती. भोवती बहीण, मुलगा, सून. त्यांच्यासमोर काय सांगणार? त्यांनी तोंड उघडलं, पण बोलायला नाही. मी माझ्या हाताने गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली.

बघता बघता आबा बसल्या जागी कलंडले. अंग गार. हाक मारली तर ओ नाही.

त्याच जीपमधून जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी यंत्र लावलं, पाय उंच करायला लावले, सलाईन सुरू केलं. "रक्तदाब फार खाली गेलाय. काय काय घेतलं यांनी?"

"जिभेखालची गोळी," अक्का म्हणाल्या.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

डॉक्टर आमच्या सगळ्यांकडे बघत म्हणाले, "शरीरसंबंधासाठी मिळते ती ताकदीची गोळी घेतली आहे का? लाजू नका. पुढचं औषध त्यावर ठरणार आहे."

अक्का ताठ झाल्या. "आमच्या घरातले असे नाहीत, साहेब."

मुलगा जमिनीकडे बघत होता. सून माझ्या धुतलेल्या लुगड्याकडे. तिला सगळं कळलं होतं बहुतेक. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या झाकल्या मुठीत त्या वेळी आबांचा जीव होता आणि मी ती मूठ आणखी आवळत होते. माझ्या तोंडावर ते जुनं हसू यायला लागलं. खरंच सांगते, यायला लागलं होतं. ते मला जाणवलं आणि माझीच मला शिसारी आली.

"घेतली," मी म्हणाले. "माझ्यासाठी घेतली."

अक्कांनी कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी मात्र नर्सकडे वळून छातीचं ते औषध आता द्यायचं नाही, असं बजावलं. कामाला लागले.

आबा वाचले. घरी सोडायच्या आधी त्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "बसा," म्हणाले. मला म्हणाले ते मला आधी कळलंच नाही. मग साध्या शब्दांत सांगितलं. दोन्ही गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही पोटात गेल्या की रक्तदाब तळाला जातो, माणूस जातो. ज्याला जिभेखालची गोळी लागते त्याने ही दुसरी घ्यायचीच नाही. कुणी घेतलीच आणि छातीत दुखलं, तर जिभेखालची ठेवायची नाही. तडक दवाखाना गाठायचा आणि घेतली म्हणून सांगायचं. कुणाकडून घेऊन काही गिळायचं नाही. "यावर दुसरे उपाय असतात. आधी साखर तपासू. पुढच्या वेळी दोघं या," म्हणाले. ते हसले नाहीत.

आता अक्का माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. आपल्या घरी जाताना म्हणाल्या, "म्हातारचय लागला तुले. भाऊ खाल्ला असता माह्या." मी उलटून बोलले नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. गोळी माझ्याच हाताने गेली. मी डॉक्टरला पुन्हा विचारलं असतं, तर गेली नसती. भाकरी थापताना हाताकडे लक्ष जातं आणि भाकरी तव्यावर करपते.

पण उरलेलं अर्धं कुणाचं? ते माझं नव्हे, हे कळायला मला वेळ लागला. कळलं त्या दिवशी मी काम अर्ध्यावर टाकलं आणि हात न धुता रावेरच्या दवाखान्यात गेले. आबांना सांगितलं नाही.

खुर्ची ओढली. बसले. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"ऊठ," डॉक्टर म्हणाला. "काय पाहिजे?"

"छातीची गोळी तुम्ही दिली होती. दुसरी चालते का, हे मी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही हसवलंत सगळ्यांना. आबा मरता मरता राहिले. आता सांगा. चालते का?"

त्याने दाराकडे पाहिलं. "हळू बोल. बाहेर लोक बसलेत."

"चालते का?"

"नाही चालत," तो पुटपुटला.

दोनच शब्द होते. त्या दिवशीही ते त्याच्या तोंडात होते. आम्हाला दिले असते तर काय बिघडलं असतं? त्याने दात दाखवले.

"मोठ्याने सांगा," मी म्हणाले.

त्याने समोरचे कागद पुढे ओढले. मग मी उठले, दारात उभी राहिले आणि बाहेर बाकांवर बसलेल्यांना मीच सांगितलं. जिभेखालची गोळी आणि ताकदीची गोळी एकत्र चालत नाही. डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. डॉक्टर हसला तर पुन्हा विचारा. एका माणसाने मान खाली घातली. एका म्हातारीने माझ्याकडे टक लावून पाहिलं.

ती गोळी मी दिली, ते माझ्या अंगावरून उतरणार नाही. उतरू नयेच. पण त्या डॉक्टरच्या वाट्याची लाज मी इतके दिवस वाहिली, ती आता वाहणार नाही. त्याची त्याने वाहावी. पुढच्या महिन्यात आबांना घेऊन जळगावला जायचं आहे. आबा नाही म्हणतील. मी नेणार. जे विचारायचं ते मी विचारणार, उभ्याने नाही, खुर्चीत बसून. आणि कुणी हसलं, तर यापुढे मी हसणार नाही.