पाठीतलं पाणी अन् कपाशीवरची अळी

मी प्रयोगशाळेत काम करते, पण रुग्णालयात माझी ओळख तोंडाळ बाई म्हणूनच आहे. असू दे. त्या तोंडाचा एकदा तरी सोन्यासारखा उपयोग झाला.

थंडीचे दिवस होते. उंद्रीकडची एक बाई तापानं फणफणलेल्या लेकीला घेऊन आली. पोरीची मान लाकडासारखी ताठ. डॉक्टरांना मेंदूज्वराची शंका आली. पाठीतलं पाणी काढून तपासायचं होतं. आई आडवी आली.

"पाठीतलं पानी काढलं का पोरगी लुयी पडते, चालनं सुटते तिचं. मी नाई काढू देत!"

घरी तिचा तान्हा होता. जंतू पसरणारा निघाला तर त्यालाही धोका. डॉक्टर समजावून थकले, तेव्हा मी तडकले.

"काऊन व माय, कपाशीवर अयी कोन्ती हाय ते पाह्यल्याबिगर फवारा मारतं काय तू?"

ती बाजूला सरकली. मग डोळे पुसत म्हणाली, "पाहा मंग."

पाणी गढूळ आलं, म्हणजे आत जंतू होताच. लगेच इंजेक्शन सुरू झालं. जंतू कोणता ते कळायला नमुना जिल्ह्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत न्यायचा होता. आमच्या शिपायाचा जन्म लसी पोहोचवण्यात गेलेला. त्यानं सवयीनं बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायला घेतली. मी अशी ओरडले की वॉर्डातले पेशंट उठून बसले.

"बर्फात नको बे! जंतू गारठून मेला तं उगवन काय, कप्पाळ?"

हा जंतू भारी नाजूक. ऊब मिळाली तर वाढतो, आणि वाढला तरच ओळखू येतो. बाटली स्वेटरच्या आत अंगाशी धरून मी स्वतःच जीपमध्ये बसले. ती आई दारात उभी राहून सगळं पाहत होती.

जंतू उगवला. पसरणाराच होता! कळल्याबरोबर आमची माणसं तिच्या घरी औषध घेऊन पोहोचली. तान्ह्यालाही डोस मिळाला. त्या वस्तीत दुसरं कुणी आजारी पडलं नाही, आणि पोरगी आपल्या पायांनी चालत घरी गेली. जाताना आईनं विचारलं, "सापडली काय व अयी?"

"सापडली ना, माय!" म्हटलं. खरं सांगते, छाती फुगली माझी.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा दारात. या वेळी शेजारणीला हाताला धरून आणलेलं, शेजारणीच्या खांद्यावर तापलेलं लेकरू. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत बाईनं फर्मान सोडलं,

"पयले पाठीतलं पानी पाहा. अन् बर्फात ठेवू नोका!"