दिवसा गोष्ट सांगणारा

पन्नास-एक्कावन्न सालच्या सुमाराला, मी सात-आठ वर्षांची असताना, आमच्या कुरुळीत एक कल्हईवाला यायचा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. देवळापुढं भट्टी मांडून तो भाता आम्हा पोरींना ओढायला लावायचा आणि बदल्यात गोष्ट सांगायचा. त्याच्या गोष्टीतली राजकन्या राक्षसाच्या वाड्यातून हलायलाच तयार नसे, कारण राक्षस भांडी स्वतः घासायचा. सोडवायला आलेल्या राजपुत्राला ती विचारी, "तुला येतात का घासता?" भाता मंदावला, की राजपुत्राची वाचा बसायची.

दिवसा गोष्ट ऐकली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, असं गाव मानायचं. एका वर्षी कल्हईवाला आला, नेमका त्याच आठवड्यात मामा आईला माहेरी न्यायला येणार होता. आई गाठोडं बांधून बसली. मामा उगवला तिसऱ्या दिवशी, टोपीवर चाकणच्या जत्रेतला गुलाल घेऊन. म्हणाला, "आक्का, वाट चुकलो."

आई त्याला घेऊन तरातरा देवळापुढं गेली. "मेल्या, दिवसाढवळ्या गोष्टी सांगतोस व्हय? माझा भाऊ भटकला की रानोमाळ!"

कल्हईवाल्यानं मामाच्या टोपीकडं पाहिलं आणि स्वतःचे कान धरले. "चुकलं, बाई." आई वळताच मला हळूच म्हणाला, "मामा लोकांना चुकायला निमित्त लागतं. त्याला आमी हाय न्हवं!"

हल्ली मी लेकीकडं राहते. तिचा भाऊ सांगितल्यापेक्षा दोन दिवस उशिरा उगवतो, तोंडावर भलतंच हसू घेऊन. लेक भडकते. मग मी कान धरते. "दुपारी तुझ्या पोरांना मीच गोष्ट सांगितली गं."