पाणी थरथरतंय, मामा

सकाळी पेपर चाळत होतो तेव्हा सिनूचा फोन आला. "मामा, अक्का गेली." अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण अंबिका, आमची अंबू. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, सूत रंगवणाऱ्या घरातली ही मुलगी समुद्रतळावरच्या जिवांची अभ्यासक झाली होती. आजार इतका झटपट, की भेटायला जायचंही राहून गेलं... तिच्यावर लिहायला बसल्यावर डोळे भरून यायला हवेत. पण खरं सांगतो, ती आठवली की मला अजून आरोळी ठोकावीशी वाटते.

तशी आरोळी मी तिच्याच तोंडून ऐकली होती, हिंदी महासागरात, संशोधन जहाजाच्या एका अरुंद खोलीत. मी भूगर्भशास्त्रज्ञ, मोहिमेचा प्रमुख आणि निवृत्तीला टेकलेला. ती जहाजावर पहिल्यांदाच आलेली. अडीच-तीन किलोमीटर खाली सोडलेला कॅमेरा आम्ही तळावरून ओढत नेत होतो आणि पडद्यावर नुसता चिखल आणि काळा दगड. मी या भावंडांचा मानलेला मामा. चार लोकांत ती मला 'सर' म्हणायची, पण त्या दिवशी सगळं विसरून ओरडली, "मामा, जहाज वळवा! पाणी थरथरतंय!" मला काहीच दिसलं नव्हतं. "अहो, नायनांच्या कढईवर अस्संच दिसतं की!" नायना म्हणजे त्यांच्या तेलुगूत वडील. रंगाच्या कढईवरची गरम हवा जशी लवलवते, तसं खालचं पाणी लवलवत होतं म्हणे. भर समुद्रात जहाज वळवणं म्हणजे रिक्षा वळवणं नव्हे. पण पोरीनं असा तगादा लावला की वळवलं.

आणि काय सांगू तुम्हाला! पडद्यावर एक धुराडं उगवलं, आपल्या गिरणीच्या धुराड्यासारखं, भकाभका काळं पाणी ओकणारं. त्याच्या अंगावर पांढऱ्या कोळंब्यांची ही झुंबड! खाली गोगलगायी, पायावर लोखंडाचे खवले ल्यालेल्या. सूर्याचा किरण जिथं कधी पोचला नाही, तिथं पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या ऊन पाण्यावर अख्खं गाव नांदत होतं. "अय्यो, मामा, हिनं चिलखत घातलंय! आणि चालतीय बघा, चालतीय!" आम्ही इतका गलका केला की स्वयंपाकी हातात झारा घेऊन धावत आला. त्याला वाटलं, आग लागली.

दुसऱ्या दिवशी पलीकडे आणखी एक रांग लागली. तीन धुराडी, धूर कुठंच नाही. अंबू पडद्याला नाक लावून बसली. "सर, इथंही हलतंय. थोडं थांबू या." मी थांबलो नाही. परतायची घाई होती, आणि आदल्या दिवशी सगळ्यांदेखत ती बरोबर ठरली होती, हेही मनात होतं. "बंद गिरणीची धुराडी आहेत ती," मी म्हणालो. "मृत म्हणून नोंदवा." सगळे हसले. ती हसली नाही.

पुढे सोलापुरात माझा सत्कार झाला. समुद्रातलं जिवंत धुराडं शोधणारा सोलापूरचा सुपुत्र म्हणून शाल, श्रीफळ, फेटा. जहाज कुणी वळवायला लावलं, हे मी व्यासपीठावर सांगितलं नाही. अंबू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. नंतर फेटा सावरत मी तिच्यासमोर अवघडून उभा राहिलो, तर म्हणाली, "शाल ठेवा हो मामा, तुम्हाला शोभते. तेवढं 'मृत' मागं घ्या." त्या धुराड्यांत तांबं, जस्त, सोनं असतं. समुद्रतळ खणू पाहणारे म्हणतात, जिवंत धुराड्यांना आम्ही हात लावणार नाही, विझलेलीच खणू. त्या तीन धुराड्यांसाठी त्यांच्या हातात माझा शब्द आहे. त्याविरुद्ध ती सभांमधून, शाळांमधून, जिथं बोलावतील तिथं बोलत राहिली. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायची आणि विचारायची, "घेतलं का मागं?" मी म्हणायचो, "घेतो की गं." चकली संपायची, विषय संपायचा...

आता घेतो. पहिलं धुराडं अंबिकानं शोधलं. मी फक्त जहाज वळवायला सांगितलं, तेही तिनं हट्ट धरला म्हणून. आणि पलीकडच्या रांगेला मी न थांबता, न पाहता 'मृत' म्हटलं. ज्यांनी माझ्या शब्दावर ती रांग मृत धरून खणायच्या यादीत ठेवली होती, त्यांनाही मी हे कळवलं आहे. तिथं काय आहे ते मला ठाऊक नाही. कुणालाच नाही. आधी कुणीतरी थांबून पाहावं, मग खणायच्या गोष्टी कराव्यात.

परवा तिच्या घरी गेलो होतो. मागच्या खोलीत नायनांची ती जुनी कढई अजून आहे. सिनू हौसेनं टॉवेलांचं थोडं सूत रंगवतो. चूल विझलेली, वाफ नाही, निळं पाणी अगदी निवांत. मी काठाला हात टेकवायला गेलो.

"मामा, थांबा! पोळंल!" सिनू ओरडला.

"अरे, गार तर दिसतंय."

"दिसतंय हो. हितं खाली बसून बघा की जरा."

गुडघे कुरकुरले, पण बसलो. कढईच्या काठाशी डोळे आणले आणि पलीकडे पाहिलं. समोरची चुन्याची भिंत, खिळ्याला टांगलेल्या सुताच्या लड्या, सगळं थरथरत होतं.

"सिनू," मी ओरडलोच, "हलतंय रे! हलतंय!"